कणकेचे पाच दिवे

५ जानेवारी २०२५, रविवार

नवी वही. दरवर्षी पहिल्या पानावर मी एखादा संकल्प लिहितो आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत मोडतो, म्हणून यंदा संकल्प नाही, बातमी आहे. शहरातल्या नव्या संशोधन केंद्राच्या नैतिकता समितीवर मला घेतलं आहे. समितीत डॉक्टर असतात, वकील असतो, तसा एक साधा नागरिकही लागतो म्हणे. तो मी. छत्तीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवलं, वीस वर्षं अंबापेठेत प्रवचनं केली, आणि शेवटी साधा नागरिक झालो. बायको सरोजिनी म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी तुम्हाला साधं म्हटलं."

काम असं आहे. मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी प्रयोगशाळेत भ्रूण तयार करतात. त्यातले काही उरतात, ते गोठवून ठेवतात. असे उरलेले भ्रूण जोडप्यांच्या संमतीने घ्यायचे, त्यांतून मूळपेशी वाढवायच्या आणि डोळ्याच्या पडद्याच्या आजारावर काही उपाय सापडतो का ते बघायचं. त्यासाठी सरकारकडे निधी मागायचा आहे आणि अर्जाला आमच्या समितीची मान्यता लागते. प्रमुख डॉ. दीक्षा म्हणून आहेत, चाळिशीच्या, बोलायला स्पष्ट.

आपण विरोध करायचा हे मी अर्ज उघडायच्या आधीच ठरवलं होतं. अकोल्याचा विषय मात्र या वहीत आणायचा नाही.

११ जानेवारी, शनिवार

पहिली बैठक. डॉ. दीक्षांनी पडद्यावर चित्र दाखवलं. पाच दिवसांचा भ्रूण, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. "यात हृदय नाही, मेंदू नाही. गर्भाशयात गेला तरच तो पुढे वाढणार, आणि आम्ही मागतोय ते तिथे जाणारच नाहीयेत."

मी म्हणालो, "मोहरीचा दाणा लहान असतो म्हणून त्यात मोहरीचं रोप नसतं का?" वकीलसाहेबांनी मान डोलावली. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

मग मुख्य मुद्दा मांडला. "कुणी खाजगीत काय करावं ते त्याने ठरवावं. पण सरकारचा पैसा म्हणजे ज्याला हे पटत नाही त्याचाही पैसा. त्याला न विचारता त्याच्या नावावर हे का करायचं?"

दीक्षाबाई जराही चिडल्या नाहीत. "सर, सरकारने हात काढून घेतला तर हे काम थांबत नाही. ते बंद दाराआड होतं. कुणाला विचारलं, कुणाला नाही, हे बघणारं कुणी राहत नाही. मला तर सरकारी निधी त्यासाठीच हवाय." उत्तर चांगलं होतं. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी त्या म्हणाल्या की भ्रूण अकोल्याच्या एका उपचार केंद्राकडून यायचे आहेत. ज्या जोडप्यांचे शिल्लक आहेत त्यांना विचारलं जाईल आणि त्यांची यादी व संमतीपत्रं तपासायला समितीसमोर येतील, नावांसकट. माझा चहा अर्धा तसाच राहिला.

१९ जानेवारी, रविवार

नातीचा, प्राजूचा, सहावा वाढदिवस. प्राजक्ता हे नाव मीच ठेवलं, पण हाक मारायला कुणाला वेळ आहे? चारुताने औक्षणाच्या ताटात कणकेचे दिवे ठेवले होते, नेहमीप्रमाणे पाच. वर्ष कितवंही असो, ही पाचच दिवे करते. एक जरा मोठा, चार बारके. सूनबाईंच्या माहेरी, चांदूर रेल्वेकडे, तशी रीत असेल. विचारायचं दरवर्षी राहून जातं.

शेजारच्या काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गुरुजींच्या अनुष्ठानाचं फळ हो हे!" मी हात जोडले. हात जोडले की हो म्हटल्यासारखं होत नाही आणि नाही म्हटल्यासारखंही होत नाही. सहा वर्षं मी असे हात जोडतो आहे. चारुता त्या वेळी दिव्यांच्या वाती सारख्या करत होती. तिने वर पाहिलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

आता लिहावंच लागेल. अकोल्याच्या केंद्राचं पत्र आलं आहे.

माझा मुलगा शुभंकर आणि चारुता यांच्या लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं. २०१८ मध्ये उपचार घ्यायचे ठरले तेव्हा मीच म्हणालो, अमरावतीत नको, इथे दवाखान्याच्या पायरीवर दहा ओळखीचे भेटतील. शुभंकर वीज कंपनीत, नोकरी अकोल्याला, रोज बडनेऱ्याहून गाडीने जाऊन येऊन करतो. म्हणून अकोला. लोकांना सांगितलं, चारुता मावशीकडे गेली आहे. त्याच दिवसांत मी घरी संतानप्राप्तीचं एकेचाळीस दिवसांचं अनुष्ठान केलं होतं, मनापासून केलं होतं. प्राजू झाली. लोकांनी दोन गोष्टींतली एक पाहिली आणि मी दुसरी दाखवली नाही. मग जोडपी येऊ लागली. वरूडहून, अचलपूरहून, एक तर पार नागपूरहून. मी कुणाला फसवलं नाही. कुणी विचारलंच नाही की मुलगी आणखी कशामुळे झाली.

तर पत्र. "आपले चार भ्रूण आमच्याकडे जतन आहेत. पुढील पर्यायांपैकी एक निवडून उभयतांच्या सहीने कळवावे." पर्याय तीन. जतन चालू ठेवणे, नष्ट करणे, संशोधनासाठी देणे. दरवर्षी पत्र येतं, दरवर्षी चारुता "ठेवू द्या बाबा" म्हणते आणि मी पहिल्या पर्यायावर खूण करून पाठवतो. घरातली सगळी पत्रं मीच उघडतो, सगळे फॉर्म मीच भरतो. माझं अक्षर चांगलं आहे.

यंदा सोबत एक जास्तीचा कागद होता. जतन करणाऱ्या सर्व जोडप्यांशी अमरावतीचं संशोधन केंद्र संपर्क साधणार आहे. म्हणजे दीक्षाबाईंच्या यादीत माझ्या मुलाचं आणि सुनेचं नाव. आणि ती यादी टेबलावर, माझ्यासमोर.

२ फेब्रुवारी, रविवार

काल माझा लेख छापून आला. "न विचारता घेतलेली संमती" असं शीर्षक संपादकांनी दिलं, मला आवडलं. सरकारी निधीच्या विरोधातले माझे सगळे मुद्दे आले आहेत.

आज वरूडहून खुशालराव आले, संत्र्यांची पेटी घेऊन. त्यांच्या धाकट्या मुलाला माझ्या अनुष्ठानानंतर मूल झालं, तेव्हापासून दरवर्षी पेटी येते. सोबत मोठ्या मुलाची आचल होती, चौदा वर्षांची. तिचा डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो आहे.

"गुरुजी, दिवसा बरं हाय. सांजीले तिले काईच दिसत नाई," खुशालराव म्हणाले. "डाक्टरीनबाईजवळ गेलो व्हतो, त्या दीक्षाबाईजवळ. त्या मने, आज दवाई नाई, पन आमी शोधून राहिलो. होईनच असं नाई मने. सरकारनं पैसा देला त काम पुढं जाईन. मंग तुमचा पेपर वाचला. आता मले समजून नाई राहिलं."

मी त्यांना समजावलं. जीव म्हणजे काय, गर्भ कधीपासून गर्भ, शास्त्र काय म्हणतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं, गुरुजी. मले एकच सांगा. ते जे उरते, ते कोनालेच नाई देलं त त्याचं काय करते?"

"काही वर्षांनी नष्ट करतात."

"मंजे फेकूनच देते. मंग फेकून देल्यापरीस पोट्टीच्या डोळ्याले कामी आलं त पाप काहून?"

मी म्हणालो, प्रश्न तितका सोपा नाही. ते लगेच म्हणाले, "नसन बाप्पा. तुमी शिकलेले हा." त्यांनी ते इतक्या सरळपणाने म्हटलं की मला संत्र्याच्या पेटीकडे बघत बसावं लागलं.

निघताना दिवेलागण झाली होती. आचल उंबऱ्यालाच अडखळली. चारुताने पुढे होऊन तिचा हात धरला आणि रिक्षापर्यंत नेलं. परत येताना ती दारातल्या पायऱ्यांकडे बघत होती.

९ फेब्रुवारी, रविवार

आज फॉर्मांचं काम उरकलं. आमच्या घरची पद्धत अशी: बँकेचे, गॅसचे, शाळेचे, विम्याचे, सगळे कागद मी भरून ठेवतो आणि जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारतो. रविवारी जेवणाच्या टेबलावर गठ्ठा ठेवला की ज्याने त्याने फुलीवर सही करायची. सही झाली की मी फुल्या खोडतो. सरोजिनी लग्नापासून अशाच सह्या करते. चारुता आल्यावर तीही करू लागली. एकदाही चूक झालेली नाही.

आज सात कागद होते. चारुताच्या बँकेचे दोन, प्राजूच्या शाळेचा एक, विम्याचे तीन. अकोल्याचा एक, वरून पाचवा. कुकरच्या शिट्या होत होत्या. तिने पदराला ओले हात पुसले आणि उभ्याउभ्याच सगळ्यांवर सह्या केल्या. पाचव्यावरही. "झालं ना बाबा?" असं विचारून आत गेली. शुभंकरने मोबाइलवर बोलत बोलत केल्या.

पर्याय दुसरा.

मी कुणाचं वाईट केलेलं नाही. त्यांना दुसरं मूल नको आहे, शुभंकर दोनदा तसं म्हणाला आहे. आज ना उद्या तेच व्हायचं होतं. आणि संशोधनाला द्यायचे नाहीत हे तर माझं जाहीर मत आहे, त्याच्याशी हे सुसंगतच आहे. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. व्याकरण बरोबर आहे.

पाकीट शुभंकरजवळ दिलं. केंद्र त्याच्या ऑफिसच्या वाटेवर आहे. त्याने ते डब्याच्या पिशवीत टाकलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अकोल्याहून खात्री करायला फोन आला. केंद्रात संपर्कासाठी नंबर माझाच दिलेला आहे, फॉर्म मीच भरला होता. एक मुलगी नम्रपणे म्हणाली, "शुभंकर सर बोलताय का?"

मी म्हणालो, "हो, बोलतोय."

"नष्ट करण्याचा पर्याय आपण दोघांनी विचार करून निवडलाय ना?"

"हो."

"मॅडमशी बोलता येईल का?"

"ती बाहेर गेली आहे." चारुता ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. प्राजूला कणकेची चिमणी करून देत होती.

आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की खोटं बोलताना माणसाचा आवाज बदलतो. माझा बदलला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी बैठक. मी अर्धा तास बोललो. म्हणालो, प्रत्येक भ्रूण म्हणजे वाट बघत थांबलेला जीव आहे, आणि वाट बघणाऱ्याचा विश्वासघात सरकारने लोकांच्या पैशाने करू नये. दोघांचे डोळे पाणावले, त्यात एक माझे. समितीत मतं समसमान पडली. अर्ज दुरुस्तीसाठी परत गेला. निधीची यंदाची मुदत या महिनाअखेर संपते, म्हणजे आता पुढच्या वर्षीच.

जिन्यात दीक्षाबाई भेटल्या. "सर, दरवर्षी शेकडो भ्रूण नुसते टाकून दिले जातात. त्यावर मी तुमचा लेख कधी वाचला नाही."

मी म्हणालो, "तो ज्या त्या कुटुंबाचा खाजगी प्रश्न आहे." आणि जिन्याचा कठडा घट्ट धरून उतरलो.

२ मार्च, रविवार

आज अक्षर वाईट येईल.

दुपारी सगळे आवराआवर करत असताना चारुता माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगते. आपले चार मला दीक्षा मॅडमना द्यायचेत."

मी चष्मा पुसत बसलो.

"मी तुमचा लेख वाचलाय. तुमचं मत मला कळतं. मला पण ते नुसते दाणे वाटत नाहीत. म्हणून तर सहा वर्षं ठेवलेत. दुसरं मूल होणार नाही हे माहीत होतं, तरी टाका म्हणवेना. आणि ठेवून तरी काय करणार? मग त्या दिवशी आचलचा हात धरला. ती मला विचारत होती, ताई, तुमच्या दाराशी किती पायऱ्या आहेत? मोजून ठेवते म्हणाली. तेव्हा वाटलं, यांना जायला जागा आहे. उपयोग होईल, नाही होईल. पण कुणासाठी तरी जातील."

ती किंचित हसली. "प्राजूच्या वाढदिवसाला मी पाच दिवे करते ना, ते त्यासाठीच. एक तिचा, चार त्यांचे. आईंना वाटतं माहेरची रीत. माहेरी आमच्याकडे कणकेचे दिवे नसतातच, निरांजन असतं."

मग म्हणाली, "अकोल्याचं पत्र यंदा अजून आलं नाही का?"

मी म्हणालो, "येईल."

४ मार्च, मंगळवार

काल प्रवचन रद्द केलं. आज सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोल्याला गेलो, शुभंकरच्या नंतरच्या गाडीने, म्हणजे तो भेटणार नाही. घरी सांगितलं, जुन्या मित्राला बघायला जातो. या वहीत आता खऱ्यापेक्षा खोटंच जास्त होत चाललंय. गाडीत सारखा एकच विचार. आपल्याकडे कुठलं काम वेळेवर होतं? सही राहिली असेल, शिक्का राहिला असेल, कुणी रजेवर असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं की कुणीतरी कामचुकारपणा केलेला असू दे.

काउंटरवरच्या मुलीने फाइल काढली. "वीस तारखेला झालं, सर. फोनवर कन्फर्म केलं होतं, शुभंकर सरांशी मीच बोलले." आवाजावरून मी तिला ओळखलं. तिने मला ओळखलं की काय माहीत नाही, पण ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आपण त्यांचे...?"

"वडील."

"काही चूक झालीय का, सर? आम्ही दोघांची सही बघूनच केलं."

"तुमची काही चूक नाही," मी म्हणालो. कागदाची प्रत मागितली. तिने झेरॉक्स काढून दिली. माझं सुरेख अक्षर, दुसऱ्या पर्यायावरची माझी खूण, शुभंकरची सही, चारुताची सही. आणि दोन्ही सह्यांखाली पेन्सिलीच्या फुल्या. खोडायच्या राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच राहिल्या.

स्टेशनवर परतीच्या गाडीला दोन तास होते. बाकावर शेजारच्या माणसाने ओळखलं. "गुरुजी ना तुमी? आमच्या सुनेसाठी यायचं हाय तुमच्याकडं." मी म्हणालो, "आधी चांगल्या डॉक्टरकडे न्या." तो हसला, त्याला वाटलं मी विनयाने बोलतो आहे.

६ मार्च

सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा चहा मागितला, एकदा पेपर कुठे आहे विचारलं.

८ मार्च, शनिवार

सांगितलं. सुरुवात कशी करावी ते सुचेना म्हणून कागदच टेबलावर ठेवला, जिथे रविवारी गठ्ठा ठेवतो तिथे. तिघेही होते. प्राजू खाली खेळायला गेली होती.

चारुताने कागद उचलला आणि वरपासून वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. माझ्या घरात कुणी एखादा कागद असा वाचताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग तिने फुलीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली.

"पाकीट मी नेलं होतं," शुभंकर म्हणाला. "बाबा, माझ्या हाताने दिलं मी ते. त्या बाईला थँक्यू म्हटलं." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी बोलायला लागलो. यादीत नाव आलं असतं, लोक काय म्हणाले असते, अनुष्ठान, समिती, तुम्हाला तसंही दुसरं नको होतं. एकेक कारण तोंडातून बाहेर पडताना किती किडकं आहे ते मलाच ऐकू येत होतं. फोनवर शुभंकर म्हणून बोललो तेही सांगितलं.

चारुता रडली नाही. रडली असती तर मी तिला समजावलं असतं, ते मला येतं. ती म्हणाली, "बाबा, ते जीव होते की नव्हते, यावर मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. ते माझे होते. मला विचारायचं होतं. तुम्ही लेखात लिहिलंय ना, ज्याला पटत नाही त्याला न विचारता त्याच्या नावावर का म्हणून? मी दोनदा वाचलं होतं ते. मला वाटलं, किती बरोबर लिहिलंय बाबांनी."

सरोजिनीने तो कागद आपल्याकडे ओढला. ती फक्त एवढंच म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्ही फुल्या मारताय आणि मी सह्या करतेय. मी कशाकशावर सही केली असेल हो?" तिने ते रागाने नाही विचारलं. तिला खरंच माहिती हवी होती.

मला लाज वाटते. हा शब्द मी प्रवचनात शेकडो वेळा वापरला असेल. तो पोटात कुठे दुखतो हे माहीत नव्हतं.

९ मार्च, रविवार

गठ्ठा ठेवला नाही. चारुता सकाळी म्हणाली, "एक करा. समितीत जाऊन सांगा. आमची नावं घेऊन सांगा, मला चालेल. मी काही चोरी केली नव्हती." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

२२ मार्च, शनिवार

सांगितलं. लिहून नेलं होतं, कागद खिशातच राहिला. उभा राहिलो आणि म्हणालो, माझी नात अकोल्याच्या केंद्रातल्या उपचाराने झाली, अनुष्ठानाने नाही. तिच्यासोबतचे चार भ्रूण तिथे होते. माझी सून चारुता हिला ते या कामासाठी द्यायचे होते. मी तिला न विचारता, फसवून सही घेऊन, मुलाच्या नावाने फोनवर बोलून ते नष्ट करवले, आणि त्या फोननंतर दोनच दिवसांनी इथे येऊन जीवाच्या पावित्र्यावर भाषण केलं. वकीलसाहेब पेनाचं टोपण लावत काढत राहिले. कुणी माझ्याकडे बघेना.

दीक्षाबाईंनी विचारलं, "मग सर, आता तुमचं मत काय?"

खरं ते सांगितलं. मला अजूनही दाण्यात रोप दिसतं. सरकारने यासाठी पैसा द्यावा की नाही, मला अजून कळत नाही. पण मत द्यायचा अधिकार मी घालवला आहे. माझा राजीनामा घ्या, माझं मागचं मत खोडा. त्या म्हणाल्या, "संमतीपत्राच्या नमुन्यात एक बदल करते. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून, वाचून दाखवून सही घ्यायची. घरी पाठवायचा नाही." त्या मला टोचायला बोलल्या नव्हत्या. टेबलावरच्या कागदावर त्यांनी ते लिहूनही घेतलं.

घरी येऊन खुशालरावांना फोन केला. अनुष्ठानाचं सांगितलं, बाकीचंही. पलीकडे ट्रॅक्टर चालू होता, तो त्यांनी बंद करायला लावला.

"मंजे तुमी फेकून देले, गुरुजी?"

"हो."

"मले त तुमी मनत व्हते, प्रश्न सोपा नाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

मग म्हणाले, "आचलले सांगतो, तुमचा फोन आला व्हता मनून." आणि ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

६ एप्रिल, रविवार

शाळेचा सहलीचा फॉर्म आला होता. सवयीने भरला, फुली मारली, टेबलावर ठेवला. चारुता आली, खोडरबर घेऊन फुली खोडली, खुर्चीवर बसून सगळा फॉर्म वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि मग सही केली. प्राजूचा रक्तगट मी चुकीचा लिहिला होता. तो दरवर्षीच चुकीचा लिहीत आलो असणार.

१९ जानेवारी २०२६, सोमवार

नऊ महिन्यांनी वही उघडली. शेवटची पानं कोरीच होती.

अनुष्ठानासाठी येणाऱ्यांना मी आता सगळं सांगतो. बरेच जण अर्ध्यातून उठून जातात. काहींना अकोल्याचा पत्ता लिहून दिला. दीक्षाबाईंचा अर्ज समितीत मंजूर झाला, सरकारकडे गेला, निधीचं अजून काही कळलेलं नाही. गेलं वर्ष वाया गेलं ते माझ्यामुळे. आचलला आता दिवसाही बाजूचं दिसत नाही.

आज प्राजू सात वर्षांची झाली. चार दिवसांपूर्वी चारुताने सांगितलं होतं, "या वर्षी दिवे तुम्ही करायचे, बाबा." मी कणीक कधी मळलेली नव्हती. पहिली पातळ झाली, दुसरी दगड. तिसऱ्यांदा सरोजिनीने नुसतं पाणी किती ते दाखवलं, हात लावला नाही. एक मोठा आणि चार बारके. एकाचा काठ वाकडा झाला, तो मोडून पुन्हा केला. वाती घातल्या, तूप घातलं. मग चारुताला विचारलं, पाचही लावायचे ना?

"पाचही ताटात ठेवा," ती म्हणाली. "लावा एकच. आणि प्राजूने विचारलं तर सांगायचं तुम्ही."

बोलावलेले लोक थोडेच होते. शेजारच्या काकू होत्या. चारुताने बोलावलं म्हणून वरूडहून खुशालराव आचलला घेऊन आले होते, संत्र्यांची पेटी मात्र नव्हती. आचल भिंतीला हात लावत येऊन पाटाशेजारी बसली. ताट मी आणलं. प्राजूने वाकून बघितलं.

"आजोबा, हे चार का नाही लावले?"

औक्षणाच्या वेळी विझला हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असं मीच आजवर सगळ्यांना बजावत आलो. दिवा शांत झाला म्हणायचं.

"ते विझलेत," मी म्हणालो.

काकूंनी चटकन माझ्याकडे पाहिलं. प्राजूने बोटाने एका दिव्यातली कोरी वात हलवून बघितली. "आपोआप?"

"नाही. मी विझवले. आईचे होते, तिला न विचारता."

प्राजूने चारुताकडे पाहिलं. चारुताने मान हलवली, हो म्हणून. मग प्राजूने पाटावर नीट मांडी घातली आणि कपाळ पुढे केलं, आणि चारुताने माझ्या हातातून ताट घेतलं.